थाळाची जागा

सगळ्यांनी मिळून जेवायचा भलामोठा थाळ दारातून आडवा आत येईना, तेव्हाच रुबाबबाईंनी तोंड वाकडं केलं.

"दारातून जेवणसुद्धा आत जात नाही, आणि म्हणे नवं घर!"

त्यांच्या मुलाने, हुजेफाने, थाळ उभा करून आत घेतला. मागोमाग त्याची बायको इन्सिया डबे घेऊन आली, तिच्यामागे छोटी अरवा. थाळ रिकामा मांडायचा नसतो, म्हणून डाळभात आणि पालीदूचं पातळ कालवण घरूनच आणलं होतं.

"माँजी, लिफ्ट पाहिलीत? चोवीस तास पाणी आहे," दलाल म्हणाला.

"पाणी आजवर पीतच आले रे बाबा. जागा दाखव."

घराचा निकाल त्यांनी एकाच गोष्टीवर ठेवला होता. जिथे थाळाभोवती आठजण मांडी घालून बसतील, ते घर घ्यायचं. सकाळी व्होरवाड मोहल्ल्यातलं जुनं घर बघून झालं होतं. किंमत याच्या निम्मी. भिंतींना ओल होती, पण वरचा दिवाणखाना असा, की आठाच्या जागी दहा बसावेत. हुजेफाचा जीव या फ्लॅटवर होता. पण आईपुढे तोंड उघडायची त्याची टाप नव्हती.

हॉलमध्ये जेवायची चादर, सफरा, अंथरला, त्यावर अडणी, अडणीवर थाळ. रुबाबबाई बोटाने माणसं बसवू लागल्या.

"ही मी. हा हुजेफा, ही इन्सिया, ही अरवा. इथे थोरला शब्बीर, त्याच्याशेजारी त्याची बायको. इथे..." बोट भिंतीला लागलं. "धाकटा मुफद्दल आणि त्याची बायको कुठे? भिंतीत चिणू का त्यांना?"

"माँ, शब्बीरभाई कुवेतला, मुफद्दल नैरोबीला..." हुजेफा चाचरत म्हणाला.

"म्हणून त्यांची जागा भाड्याने देऊ?"

तेवढ्यात इन्सिया स्वयंपाकघरातून हात धुवायला लोटा आणि खाली धरायची चिलमची घेऊन आली. रुबाबबाईंची नजर तिच्या पायांकडे गेली. सकाळी त्या जुन्या घरात स्वयंपाकघर खाली आणि बसायचं वर होतं. हाच भरलेला लोटा घेऊन, एका हाताने भिंत धरत, डावा पाय ओढत ती जिना चढली होती. वर पोचल्यावर ओठांवरचा घाम पुसून हसली होती. आणि त्या म्हणाल्या होत्या, "अर्धं पाणी जिन्याला पाजलंस."

आता ती सरळ चालत आली.

"आत्ता नाही सांडलंस," रुबाबबाई म्हणाल्या.

"इथे जिना नाही ना, माँ." तक्रार नव्हती, नुसतं सांगितलं. तिने त्यांच्या हातांवर पाणी घातलं.

जेवणाआधीच्या रिवाजाप्रमाणे अरवाने सगळ्यांपुढे मीठ फिरवलं. आजीपासून निघालेली वाटी लगेच आजीपाशी परत आली. रुबाबबाईंनी जिभेवर मिठाचं बोट ठेवलं आणि थाळाकडे बघत राहिल्या. एवढा मोठा थाळ. मधल्या भातापर्यंत अरवाचा हात पोचत नव्हता, आणि पलीकडच्या कडेशी कोणीच नव्हतं. त्यांनी थाळ अडणीसकट भिंतीकडे सरकवला, अगदी टेकेपर्यंत.

"अरवा, ये अशी जवळ. आणि इन्सिया, तू ह्या बाजूला बस, पाय लांब करून. इथे कोण बघतंय तुला!"

जेवणं संपत येईपर्यंत दलाल खिडकीपाशी घुटमळत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "मग माँजी? बसतात ना आठजण?"

"आठ कुठले! थाळ असा भिंतीला लावला तर पाच बसतात, तेही एकाने अंग चोरलं तर." रुबाबबाईंनी बोटं चाटली. "हुजेफा, याला बयाणा देऊन टाक."

हुजेफाचा घास हातातच राहिला. आनंद झाला होता, तरी त्याने विचारलंच. "आणि माँ, शब्बीरभाई, मुफद्दल आले तर?"

रुबाबबाईंनी थाळातला शेवटचा भात इन्सियाकडे लोटला.

"आले तर पहिल्या पंगतीला त्यांना बसवू. पाहुण्यांना आधी वाढतात."