सुनेचा आरसा

हेल्गानं आरसा खिडकीच्या उजेडात धरला. "काच कुठे आहे?"

"काच नाही. नुसता धातू. घासून घासून असा केलेला," सुधा म्हणाली. "बोट टेकवून बघा."

काचेच्या आरशात बोट आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यात थोडी फट राहते. इथं बोटाला बोट भिडलं. हेल्गा हसली. तिचं हसणं सुधाला नकोसं झालं.

बासष्ट साल होतं. दुसऱ्या दिवशी म्युनिकच्या श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे विवाह नोंदणी कचेरीत, हेल्गाचं माधवनशी लग्न लागणार होतं. आरसा त्याच्या आईनं केरळातल्या आरन्मुळ्याहून पाठवला होता. तिथली मोजकी घराणी हे आरसे ओततात, तांब्यात कथील किती घालायचं ते बाहेर कोणाला सांगत नाहीत.

माधवन आणि सुधा एकाच प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होते. काल त्यानंच आरसा तिच्या हातात ठेवला होता. "बहीण इथं असती तर तिनं केलं असतं. लग्नाच्या सकाळी नव्या सुनेनं सगळ्यांत आधी यात तोंड बघायचं असतं. तू हेल्गाला नीट सांगशील."

'बहीण' हा शब्द सुधाला कालपासून सलत होता.

"आईंनी हा कशासाठी पाठवला?" हेल्गानं विचारलं.

"शोभेसाठी. कपाटावर ठेवा."

हेल्गानं आरसा मखमलीत गुंडाळला. मग खाली बघतच म्हणाली, "माधवन मला सगळं समजावून सांगतो. लहान मुलांना सांगावं तसं. तुमच्याशी बोलताना तो वाक्य अर्ध्यावर सोडतो, तरी तुम्हाला कळतं. फार हेवा वाटतो मला तुमचा."

सुधानं कोट चढवला आणि निरोप घेतला. जिना उतरताना तिला बरं वाटत होतं. हेल्गाला आपला हेवा वाटतो. ते बरं वाटणं खालच्या दारापर्यंत पुरलं. तिथं तिला आठवलं, 'नीट सांगशील' म्हणून झाल्यावर माधवननं पुन्हा विचारलंही नव्हतं. हातात आरसा देऊन तो निर्धास्तपणे आपल्या कामाला लागला होता.

ती परत वर गेली. हेल्गानं दार उघडलं.

"उद्या उठल्याबरोबर, दुसऱ्या कोणाचंही तोंड बघायच्या आधी, यात स्वतःचं बघा," सुधा दारातूनच म्हणाली. "नव्या सुनेसाठी असतो हा. मघाशी सांगायचं राहिलं."

"राहिलं नव्हतं, तुम्ही टाळलं होतंत," हेल्गा म्हणाली, आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.