पांढऱ्या पायाची तपासणी

शाळासमितीचे अध्यक्ष, म्हणजे माझे एकेकाळचे सासरे आबा, तास तपासायला मागच्या बाकावर टेकले, तेव्हा मी फळा पुसून धडाच बदलला. “एका घरात नवी सून आली, त्याच उन्हाळ्यात विहीर आटली. पांढऱ्या पायाची म्हणून सासऱ्यांनी तिला पाचोऱ्याला माहेरी धाडलं. विहीर तिच्यामुळेच आटली, हे कसं तपासाल?” माझ्या जागी आलेल्या सुनेच्या मुलीने हात वर केला. “बाई, शेजारच्या विहिरींना पाणी होतं का?” “तुझ्या आजोबांना विचार.” आबांनी टोपी काढून पुन्हा घातली. “बठ्ठ्या, साऱ्याच आटल्या होत्या. बहात्तरचा दुष्काळ होता.” “मग सुनेचा काय संबंध?” नातीने विचारलं. “ ती गेल्यावर पाणी आलं का?” वर्ग हसला. आबा उठू लागले. “बसा ना, आबा. तुमनी नात हुशार शे. विहीर कोणामुळे आटली नाही, ते पूर्ण वाक्यात सांगा. सुनेचं नाव घालून.”