चालतं दुकान

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी भट्टीवाल्याने स्वतःची जुनी बेकरी बंद करून एका मोठ्या कंपनीची फ्रँचायझी घ्यायचं मनावर घेतलं. कंपनीचा साहेब घरीच आला.

“काका, चौकातलं चालतं दुकानच देतो. तिथला मालक हार्ट अटॅकने वारला. अट एकच, शटर उघडल्यापासून पडेपर्यंत मालकाने स्वतः उभं राहायचं.”

“अहो, व्याह्यांनीसुद्धा असली अट घातली नव्हती! जरा दमाने घ्या,” बायको म्हणाली.

भट्टीवाला हसला आणि त्याने तिथल्या तिथे सही केली.

महिन्याने दुकान ताब्यात आलं. त्याच दिवशी आधीच्या मालकाची बायको नवऱ्याचा चष्मा न्यायला आली. भट्टीवाल्याने हळूच विचारलं, “वहिनी, कधी गेले हो?”



“मागच्या मंगळवारी,” ती म्हणाली. “दुपारी तीनला, इथेच, उभ्याउभ्या.”