नावापुढचा दिवा

"हिरवंच बटण हं, धोंडीरामभाऊ," मागच्या बाकावरून पक्षाचे प्रतोद कुजबुजले.

आमदार धोंडीराम कवळे समोरच्या बटणांकडे बघत राहिले. आजवर विधानसभेत मतदान आवाजी व्हायचं. पक्षाला 'होय' हवं असायचं, गावाला 'नाही'. त्या गलक्यात धोंडीराम नुसतेच ओठ हलवायचे. दोन्हीकडचे खूश. आज मात्र बाकावर विजेची नवी बटणं होती आणि समोरच्या फलकावर प्रत्येकाच्या नावापुढे दिवा. विधेयक धरणाचं, बुडणारं गाव त्यांचंच. वर गॅलरीत गावाहून त्यांचे थोरले भाऊ येऊन बसले होते.

घंटा झाली. धोंडीरामांनी दोन्ही हात मांडीखाली दडपले. बटणच दाबलं नाही, तर कोणाला काय कळणार?

फलक उजळला. हिरवे दिवे, लाल दिवे आणि मधोमध एकच काळं भोक. सगळ्या माना वळल्या.

"सन्माननीय कवळे, आपला दिवा लागला नाही," अध्यक्ष म्हणाले. "यंत्र नवं आहे, बिघडलं असेल. उभं राहून तोंडीच सांगा."

धोंडीराम उठून उभे राहिले. वर पाहायचं धाडस होईना, मागे वळायचं तर त्याहून.

"नाही," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजाला दचकले.