फाटकाजवळची सायकल

"मावशी, फाटकाजवळ नको. आत लावा, भिंतीशी."

"इथेच बरी. काढायला सोपी."

"कोणाला? चोराला?"

मावशी हसल्या. त्यांनी सायकल होती तिथेच लावली, मागच्या चाकाचं जुनं कुलूप फिरवलं आणि समोरच्या शिलाई कारखान्यात निघून गेल्या. काजं-बटणं करायचं त्यांचं काम. तिथे उशीर चालत नसे.

बाजाराच्या सायकल स्टँडच्या राखणदाराने कपाळाला हात लावला. जाड मिशा आणि गळ्यातली शिट्टी यांमुळे लोक त्याला फौजदार म्हणत. चोरांवर मात्र त्या मिशांचा काही परिणाम झालेला नव्हता. नुकत्याच दोन सायकली गेल्या होत्या आणि मॅनेजरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "आणखी एक गेली, की तिच्या मागोमाग तुम्हीही." तेव्हापासून फौजदाराला घास गोड लागत नव्हता. या वयात त्याला दुसरी नोकरी कोण देणार?

आणि जाणार असेल तर हीच जाणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. सायकल उंच, दांड्याची, देखणी. चेनला तेल, चाकांत हवा, सगळं चोख. कुलूप तेवढं नावाला. मावशी ती रोज हाताने ढकलत आणत आणि ढकलत नेत.

"सीट खाली करून देऊ का? म्हणजे बसून याल," त्याने एकदा विचारलं.

"नको, असू दे तशीच. मला कुठे चालवता येते?"

"मग आणता कशाला?"

"पिशवी अडकवायला बरी पडते."

फौजदाराने पिशवीचा विषय सोडला, कुलपाचा सोडला नाही. साखळी आणा, ती नुसत्या चाकातून घालू नका, सांगाड्यातून काढून खांबाला बांधा, कुलूप जमिनीला टेकू देऊ नका. मावशी मान डोलवत ऐकून घेत. दुसऱ्या दिवशी पालथ्या घड्यावर पाणी.

"घरी कोणी सांगणारं नाही का तुम्हाला?" तो शेवटी वैतागला.

"मुलगा आहे. बाहेर असतो. बापाशी वाजलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी गेला." मावशींनी सीटवरची धूळ पदराने पुसली. "फार मानी आहे. हातात दिलेलं काही घेत नाही."

"तरुण रक्त. येईल वळणावर," फौजदार म्हणाला. "पण कुलूप बदला."

त्या बदलणार नाहीत हे त्याला कळून चुकलं होतं. म्हणून त्याने घरची जाड साखळी आणली. मावशी आत गेल्या की तो ती सांगाड्यातून काढून खांबाला बांधी, वर स्वतःचं भलंमोठं कुलूप लावी आणि कारखाना सुटायच्या आधी गुपचूप सोडून ठेवी. न विचारता केलेला उपकार होता खरा, पण त्यात त्याचा स्वतःचाही जीव अडकला होता.

एके दुपारी तो चहा पिऊन परतला, तर मावशींच्या सायकलीपाशी दाढी वाढलेला एक तरुण उकिडवा बसलेला. मागचं कुलूप उघडलेलं. गडी साखळीशी झटत होता. फौजदाराने शिट्टी फुंकली आणि त्याची मानगूट धरली. आश्चर्य म्हणजे त्याने फारशी ओढाताणही केली नाही. फौजदाराने त्याला आपल्या खोलीत कोंडलं, बाहेरून कडी घातली आणि कारखान्यात निरोप धाडला.

मावशी धावत आल्या. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं टोपण तसंच होतं.

"सायकल गेली?"

"जाते कशी? मी आहे ना!" फौजदाराने साखळी खुळखुळवून दाखवली. "तुम्हाला न सांगता रोज लावत होतो."

मावशींचा चेहरा पडला. "रोज?"

"रोज! नाहीतर आज गेलीच होती. आणि चोर साधासुधा नाही बरं. तुमच्या कुलपाला ओरखडासुद्धा नाही. किल्लीने उघडलं पठ्ठ्याने!"

मावशींनी वाकून कुलूप पाहिलं.

"निघून गेला का तो?"

"जातो कुठे? खोलीत कोंडलाय. तुम्ही फक्त हो म्हणा, लगेच पोलिसांना फोन लावतो. घाबरू नका."

पण मावशी तोवर खोलीकडे निघाल्या होत्या. फौजदार काठी उचलून मागे धावला. बाईमाणूस, चोर तरणाबांड, काही झालं तर पुन्हा नाव आपलंच! तो पोहोचायच्या आत मावशींनी स्वतःच कडी काढली.

चोर कोपऱ्यात बसला होता. दार उघडताच त्याने वर पाहिलं आणि चटकन तोंड भिंतीकडे फिरवलं.

"किती वाळलास रे," मावशी म्हणाल्या. "जेवलास का?"