गल्लीतून रस्ता नाही

तिने ती ओळ पुसली, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि खुर्चीत मागे रेलून नकाशाकडे पाहत बसली.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर शहर पसरलं होतं. घरोघरी सामान पोचवणारी कंपनीची मुलं त्यावर पिवळे ठिपके होऊन सरकत होती. कुणी कुठल्या रस्त्याने जायचं, हे प्रोग्रॅम ठरवायचा. पण गेलं वर्षभर त्याने एक विचित्र खोड धरली होती. कालव्याजवळची एक सरळ, मोकळी गल्ली सोडून तो सगळ्यांना बाजारातून वळसा घालून पाठवायचा. मुलं वैतागली होती. रस्ता नाकासमोर आणि फोन म्हणतो उजवीकडे वळा, अशा तक्रारी रोज यायच्या. ती नवीन, म्हणून हे काम तिच्या गळ्यात पडलं. शोधता शोधता ती ओळ सापडली. या गल्लीतून कुणालाही पाठवू नये, एवढाच तिचा अर्थ. का, ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

आता एक ठिपका बाजाराकडे न वळता सरळ गल्लीत शिरला. त्याच्यामागे दुसरा.

"सुटलं एकदाचं," ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वर केली. प्रोग्रॅमचा बराचसा भाग त्याने लिहिला होता. ऑफिसात सगळे त्याला मुनी म्हणत. मुनी बोलला की सर्व्हर बंद पडतो, अशी थट्टा चालायची. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"ती ओळ काढलीस?"

"हो. चूकच होती ना ती?"

"मी मुद्दाम लिहिली होती."

मग तो बोलला. त्याला इतकं बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. त्या गल्लीत कंपनीतला एक मुलगा आईबरोबर राहायचा. सामान पोचायला उशीर व्हायला लागला की प्रोग्रॅम फोन वाजवून घाई करायचा. तो आवाज मुनीनेच बसवला होता. मुलगा पुलाच्या वळणावर ट्रकखाली सापडला, तेव्हाही खिशात फोन वाजत होता. माणसं गोळा झाली, त्याला उचललं, तरी वाजतच होता. चौकशीत प्रोग्रॅमचा विषयसुद्धा निघाला नाही. मुनीने गुपचूप तो आवाज काढून टाकला आणि मुलाच्या वस्तू पोचवायला स्वतः त्याच्या घरी गेला.

आई पायरीवर बसली होती. बोलता बोलता गल्लीच्या तोंडाशी एक मोटरसायकल वळली. कंपनीचं पिवळं जॅकेट घातलेला दुसराच कुणी मुलगा. आई झटकन उठली आणि फाटकापर्यंत गेली. मोटरसायकल पुढे निघून गेली. ती परत येऊन बसली आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करू लागली. तेवढ्यात पुन्हा एक जॅकेट. पुन्हा ती उठली.

"फोनचा तो आवाज मला अजून ऐकू येतो," मुनी म्हणाला. "जेवताना, अंघोळ करताना, कधीही. माझं ठीक आहे, ते मी भोगीन. पण तिचं ते उठणं तरी थांबवता येत होतं. परत आलो आणि ही ओळ लिहिली."

साहेबांना काय सांगायचं ते नंतर बघू, म्हणत तिने ओळ होती तिथे परत घातली. पण आधीच निघालेल्यांना आता वळवता येणार नव्हतं. ठिपके एकामागून एक गल्लीतून जात होते.

"चला," ती म्हणाली. "निदान त्याच्या आईला जाऊन सांगू तरी."

मुनी नको म्हणाला. मग उठला.

दुपारची गल्ली शांत होती. मुलाची आई पायरीवर नव्हती. फाटकाच्या गजाला धरून ती रस्त्याकडे तोंड करून उभी होती. ते दोघं समोर येतात न येतात तोच मागून एक पिवळं जॅकेट वळलं आणि तिची नजर त्या दोघांवरून त्याच्याकडे गेली. मोटरसायकल कोपऱ्यावर दिसेनाशी होईपर्यंत ती तिकडेच पाहत होती. मग तिने मुनीला ओळखलं.

"या ना. बाहेर का उभे?"

मुनी खाली मान घालून म्हणाला, "मावशी, आज ही मुलं चुकून इथून गेली. तुम्हाला त्रास झाला. उद्यापासून कुणी येणार नाही. मागेही मीच बंद केलं होतं."

"तुम्ही बंद केलं होतं?"

"हो. जॅकेट दिसलं की तुम्ही सारख्या उठायचात, म्हणून."

ती बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता.

"गल्लीत वळताना तो तोच असायचा हो. इथपर्यंत आला की दुसरा कुणीतरी निघायचा, तेवढंच. पण दिवसातून दोन-चारदा यायचा. मला पुरत होतं तेवढं. मग एक दिवस गल्लीत कुणी येईनासंच झालं."

तिने गजावरचा हात काढला.

"त्या दिवशी गेला माझा मुलगा."