पाणसळीवरचा रस्ता

बुडबुडा पुन्हा पुढं सरकला तसा अकबर सायकलवरून उतरला. दांडीला सुतळीनं बांधलेली पाणसळ त्यानं बोटानं पुसली, चष्मा सारखा केला आणि परत पाहिलं. चढच होता. डोळ्याला कळत नव्हता, पण चाळीस वर्षांच्या गवंडीकामात पाणसळीनं त्याला कधी फसवलं नव्हतं.

"ह्यो बी रस्ता बाद," तो स्वतःशीच म्हणाला.

त्याच्या गावाच्या, कासुर्डीच्या दक्षिणेला सगळा डोंगर. खुटबावच्या अंगाला मात्र रान सपाट, आणि कालव्याच्या कडेनं वाट सरळ जाते. तिकडं दीड महिन्यात अकबरनं सात रस्ते शोधले होते. म्हातारा रस्ते मोजत हिंडतो म्हणून गावातले लोक हसायचे. हसू देत. त्याला हौसराव जिवंत हवा होता.

दोघांची दोस्ती शाळेपासूनची. वीस वर्षं दर सोमवारी ते सायकलीनं भुलेश्वरचा घाट चढायचे. हौसराव देवासाठी, अकबर वरच्या चहासाठी. मग गावात तपासणीचं शिबिर झालं, दोघांच्याही छातीला वायरी लागल्या. रिपोर्ट आणायला बायका गेल्या, अकबरची गुलशन आणि हौसरावची मुक्ताबाई. त्या संध्याकाळी गुलशननं दार लोटून घेतलं आणि नवऱ्याला समोर बसवलं.

"भाऊजींचं हार्ट कमजोर निघालंय. चढ अजिबात न्हाई, म्हणले डॉक्टर. पन त्यांना कळू द्यायचं न्हाई. हाय खातील."

"आन् मी काय करू?"

"सपाटीवर न्या त्यांना. तुमच्याशिवाय कुनाचं ऐकतात का ते?"

आपल्याकडं हे असंच चालतं. ज्याचा आजार त्याला सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी अकबरनं हौसरावच्या अंगणात बसून गुडघा धरला. "हौसा, आता चढ झेपंना बघ मला. सपाटीनं जात जाऊ."

एरवी हौसरावनं एवढ्यावरनं आठवडाभर त्याची टिंगल केली असती. त्या दिवशी तो नुसताच "बरं" म्हणाला. गडी आतून खचलाय, अकबरला वाटलं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून दोघं कालव्याच्या कडेनं जायला लागले. हौसरावच्या खिशात एक डबी खुळखुळायची.

"काय हाय रं त्यात?"

"गॅसच्या गोळ्या."

घरच्यांनी गॅसच्या म्हणून दिल्यात, अकबर मनात समजला. मग रोज निघताना तो न चुकता विचारायचा, "डबी घेतली का?"

"घेतली बाबा, घेतली."

अकबरचा शर्ट घामानं भिजायला आला की हौसराव हटकून थांबायचा. "दम लागला रं. बसू जरा." मग बांधावर गुलशनचा डबा उघडायचा. हौसराव त्यात हात घालतो म्हणून तिनं मीठच तोडलं होतं. दोस्तासाठी अकबर ती अळणी भाजी मुकाट गिळायचा. गुडघ्याचं सोंग खरं वाटावं म्हणून ती रोज चहाबरोबर दोन गोळ्याही त्याच्या हातावर ठेवायची. ताकदीच्या हायेत, म्हणायची. तो त्याही घ्यायचा.

आता दिवाळीनंतर हौसरावला शिरूरकडं, निमोण्याला लेकीकडं जायचं होतं. नीलमच्या दारात सायकलनंच उतरणार, असा हट्ट. म्हणून अकबरची ही आठव्या रस्त्याची खटपट चालली होती.

सायकल वळवून तो गावाजवळच्या डोंगरातल्या खिंडीखाली आला आणि जागीच थांबला.

खिंडीच्या चढावर हौसराव होता. मागं कॅरिअरला पेंडीचं अर्धं पोतं, आणि गडी उभा राहून पायडल मारत, शीळ घालत चालला होता.

अकबर ओरडला, "हौसा, थांब!"

वाऱ्यात हाक विरून गेली. ह्याला सांगायलाच हवं होतं, आपण सगळ्यांनी मिळून ह्याला मारला, एवढंच अकबरच्या डोक्यात आलं. त्यानं सायकल चढाला घातली. अर्ध्यात दम तुटला. तरी तो उतरला नाही. पुढच्या वळणावर डावा हात जड झाला, छातीवर कुणी सिमेंटची गोणी ठेवावी तसं झालं, आणि तो सायकलीसकट कडेला कलंडला. पडता पडता त्यानं परत हाक मारली.

ह्या वेळी हौसरावनं मागं वळून पाहिलं. सायकल तशीच टाकून तो उतारानं धावत सुटला. पोतं फुटून पेंड रस्ताभर झाली.

"तुला कुनी सांगितलं चढाला याया?" त्यानं अकबरचं डोकं मांडीवर घेतलं. आवाज रडवेला होता, पण त्याला जराही धाप लागली नव्हती.

"हौसा, तू... गोळी घे..."

"बोलू नगस. जीभ वर कर."

हौसरावनं खिशातली डबी उघडली, झाकण अकबरच्या हातात कोंबलं आणि गोळी त्याच्या जिभेखाली सारली. मग तो फोन लावायला लागला.

अकबरनं झाकण डोळ्यांजवळ आणलं. आतून कागदाची चिठ्ठी डकवली होती आणि तिच्यावर गुलशनच्या अक्षरात लिहिलं होतं: अकबर मुलाणी, छातीत दुखलं की एक.